लाल-पांढरा दोरा आणि फुललेलं झाड : रोमानियातला मर्त्सिशोर

सोनसळी | १ मार्च, सकाळी १०.२०

आज सकाळी सातलाच दारावर टकटक झाली. शेजारच्या काकू होत्या. इथे वयाने मोठ्या बाईला 'तांती' म्हणतात, आपल्या काकू-मावशीसारखंच. तळहातावर लाल-पांढऱ्या दोऱ्याचा एवढासा गोंडा. "ओ प्रिमवारा फ्रुमोआसा," असं म्हणत त्यांनी तो माझ्या स्वेटरला डाव्या बाजूला पिनेने लावून दिला. सुंदर वसंत लाभो, असा त्याचा अर्थ. बाहेर पारा शून्याच्या खाली, अंगणातल्या बाकावर बर्फ तसाच. तरी इथल्या माणसांच्या हिशेबाने आजपासून वसंत सुरू झाला.

रोमानियातल्या क्लुज शहरात राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. मर्त्सिशोरवर लिहायचं दरवर्षी मनात येतं आणि राहून जातं. आज दोरा छातीवर आहे तोवर लिहितेच.

मर्त्सिशोर हे मार्च महिन्याचंच जुनं, लाडाचं नाव. आपण बाळाला बाळ्या किंवा सोनूला सोनुली करतो तसं मार्चला इथल्या लोकभाषेने केलं. 'धाकुटा मार्च' म्हणा हवं तर. महिन्याचं नावच त्या दिवशी देतात त्या दोऱ्याला मिळालं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात चौकाचौकांत फळकुटांवर मांडलेली छोटी दुकानं दिसायला लागतात. पुठ्ठ्याच्या एकेका तुकड्यावर एकेक मर्त्सिशोर टाचलेला: लाल-पांढरा दोरा आणि त्याला लटकवलेली एखादी शुभ वस्तू. चार पानांचं क्लोव्हर, ठिपक्यांचा लाल किडा, घोड्याचा नाल, किल्ली, धुराडं साफ करणारा काळ्या कपड्यांतला माणूस (तो दिसणं इथे शुभ मानतात). शेजारी बादल्यांमध्ये गिओचेलच्या जुड्या. ही पांढरी, मान खाली घातलेली फुलं बर्फ पुरता वितळायच्या आधीच जमिनीतून वर येतात. १ मार्चला पुरुष आई, बायको, बहीण, शिक्षिका, ऑफिसातल्या सहकारी बायका अशा सगळ्यांना मर्त्सिशोर देतात. शाळेतली मुलं बाईंना देतात, मैत्रिणी एकमेकींना देतात. संध्याकाळपर्यंत एखाद्या शिक्षिकेच्या कोटावर पाच-सहा गोंडे सहज जमतात.

पण बाजारातलं लटकन ही नंतरची भर. मूळ वस्तू दोरा. काकूंनी मला तो वळायला शिकवला, ते सांगते. लोकरीचे हातभर लांब दोन पदर घ्यायचे, एक लाल, एक पांढरा. एका टोकाला गाठ मारून ते दाराच्या मुठीला अडकवायचं. दुसरं टोक चिमटीत धरून एकाच दिशेने पीळ देत राहायचं. घाई केली की दोरा मध्येच गुंततो. पीळ पुरेसा भरला की तो बोटांत वळवळायला लागतो, सोडलं तर उसळेल असा. मग मधोमध धरून दुमडायचा आणि हात हलकेच सोडायचा. दोन्ही अर्ध्या भागांनी एकमेकांभोवती आपोआप वेढे घेतलेले असतात. माझी आजी समईच्या वाती मांडीवर वळायची, तेव्हा तळहाताखालून दोरा असाच जिवंत झाल्यासारखा निघायचा. त्या क्षणी मला क्लुजच्या स्वयंपाकघरात आमच्या सोप्यावरचा कापसाचा वास आला.

पांढरा हिवाळ्याचा, लाल उन्हाचा आणि रक्ताचा, असं काकू सांगतात. त्यांच्या लहानपणी खेड्यात दोऱ्यात नाणं ओवायचे, शक्यतो चांदीचं, आणि १ मार्चला सूर्य उगवायच्या आधी पोरांच्या गळ्यात नाहीतर मनगटाला बांधायचे. वर्षभर आजार लागू नये, दृष्ट लागू नये म्हणून. ट्रान्सिल्व्हानियातल्या खेड्यांत तर असा दोरा दाराला, खिडकीला, गोठ्याला आणि गुरांच्या शिंगांनाही बांधत.

आता ज्यासाठी हा चर्चेचा धागा काढला ते. पहिल्या वर्षी ऑफिसात मिळालेले सगळे मर्त्सिशोर मी रात्री काढून एका डबीत ठेवले, भेटवस्तू जपून ठेवतो तसे. दोन दिवसांनी काकूंनी विचारलं, दोरा कुठाय? डबीत आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला खिडकीशी नेलं आणि अंगणातलं आलुबुखारचं निष्पर्ण झाड दाखवलं. "हे फुलेल तेव्हा काढायचा. आणि त्यालाच बांधायचा."

तोवर मी मर्त्सिशोरला १ मार्चचा सण समजत होते. पण १ मार्चला तो नुसता सुरू होतो. संपतो कधी, ते झाडावर, पाखरांवर ठरतं. कुणी पहिलं फुललेलं झाड बघेपर्यंत दोरा घालतं, कुणी पाकोळी किंवा करकोचा दिसेपर्यंत, कुणी कोकिळेचा आवाज ऐकेपर्यंत. मग तो फळझाडाच्या फांदीला किंवा गुलाबाच्या झुडपाला बांधायचा. नाणं असेल तर त्याची लाल वाइन आणि ताजं चीज आणायचं, म्हणजे वर्षभर चेहरा चीजसारखा उजळ आणि गाल वाइनसारखे लाल राहतात. तिकडे काळ्या समुद्राकाठी, दोब्रोजात, करकोचे आले की दोरा त्यांच्या दिशेने आकाशात भिरकावतात.

शहरात हा दुसरा अर्धा भाग झपाट्याने विसरला जातोय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पहिला अर्धा विकत मिळतो. दुसऱ्यासाठी महिनाभर रोज वर बघावं लागतं.

इथे कुणी रोमानिया, मोल्दोवा, बल्गेरियात राहिलेलं असेल तर जरूर लिहा.

---

पिंपळपान | १ मार्च, दुपारी १२.०५

फार सुंदर लिहिलंय सोनसळी. शेवटचा परिच्छेद वाचून थांबले. वाचताना सारखी राखी आठवत होती. दोरा, शुभेच्छा, मनगट. आपलंच काहीतरी तिकडे गेलं असावं का?

---

सोनसळी | १ मार्च, दुपारी १.३०

धन्यवाद पिंपळपान! राखी मलाही पहिल्यांदा आठवली होती, पण जसजसं राहत गेले तसं हे साम्य वरवरचं वाटायला लागलं. राखी दोन माणसांना बांधते. कोणी कोणाला बांधली, हेच तिच्यात सगळ्यात महत्त्वाचं. मर्त्सिशोर देतं माणूसच, पण शेवटी तो त्या माणसाकडे राहत नाही, झाडाकडे जातो. मला तो जास्त जवळचा वाटतो तो आपल्या तान्ह्या बाळाच्या मनगटावरच्या काळ्या दोऱ्याला. त्यात नातं सांगायचं नसतं, जीव सांभाळायचा असतो. आणि इकडून तिकडे गेलं असं मानायची गरजही वाटत नाही. दोरा वळता येणाऱ्या कुठल्याही माणसाला गाठ मारून काहीतरी मागावंसं वाटणारच.

---

गोदातीर | १ मार्च, दुपारी ३.४५

एक मुद्दा. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. महिन्यांच्या नावांत ते अजून दिसतं: सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर म्हणजे सातवा, आठवा, नववा, दहावा. सप्त, अष्ट, नव, दश आपल्या कानाला लगेच कळतात. जानेवारीपासून मोजलं तर हे आकडे जुळत नाहीत, मार्चपासून मोजलं की बरोबर बसतात. रोमानियन भाषा लॅटिनमधून आलेली, तेव्हा १ मार्चला मुलांच्या गळ्यात वर्षभराच्या आरोग्याचा दोरा पडतो यामागे जुन्या वर्षारंभाची सावली असावी, असं मला वाटतं. आपलाही पाडवा याच सुमाराला, चैत्रात. थंडी सरली आणि झाडाला पालवी फुटली की वर्ष नवं, हा हिशेब शेती करणाऱ्या माणसाला पटणारा आहे.

हे मर्त्सिशोर युनेस्कोच्या यादीत आहे ना?

---

सोनसळी | १ मार्च, दुपारी ४.१०

हो, २०१७ साली आलं. आणि एकट्या रोमानियाच्या नावावर नाही: रोमानिया, मोल्दोवा, बल्गेरिया आणि आजचा उत्तर मॅसिडोनिया, चौघांनी मिळून अर्ज केला होता. '१ मार्चशी निगडित सांस्कृतिक प्रथा' अशा नावाने. ही प्रथा आधी कुणाची यावर भांडण्यापेक्षा चार शेजाऱ्यांनी एकत्र येऊन 'आमच्या सगळ्यांची' म्हटलं, हे मला फार आवडलं.

---

निशिगंध_७ | १ मार्च, रात्री ९.५०

मी किशिनाऊला, म्हणजे मोल्दोवाच्या राजधानीत, सहा वर्षं मेडिकलला होते. आमच्या बॅचला महाराष्ट्रातलीच बरीच मुलं होती. धागा वाचून हॉस्टेलची खोली डोळ्यांसमोर आली.

तिकडे दोन गोष्टी वेगळ्या. एक म्हणजे मर्त्सिशोर फक्त बायकांना देत नाहीत. आमचे प्राध्यापक, वॉर्डबॉय, बसचालक, सगळ्यांच्या छातीवर डाव्या बाजूला, हृदयापाशी, गोंडा असायचा. रोमानियाच्या ईशान्येला याशच्या बाजूलाही बायका पुरुषांना देतात असं तिथल्या मैत्रिणी सांगायच्या. दुसरं म्हणजे आम्ही तो पूर्ण मार्चभर घालायचो आणि महिना संपताना मनात एक इच्छा धरून फळझाडाला बांधायचो. १ ते १० मार्च शहरात 'मर्त्सिशोर' नावाचाच संगीत महोत्सव असतो, १९६७ पासून चालत आलेला. विद्यार्थ्यांना स्वस्तात मागची तिकिटं मिळायची.

पहिल्या वर्षीची गोष्ट. शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत मी नापास झाले होते. खोलीत एकटी बसले होते. मजल्यावर साफसफाई करणाऱ्या आजी आल्या, एकही शब्द न बोलता माझ्या ॲप्रनला दोरा लावला, गालाला हात लावला आणि बादली उचलून पुढच्या खोलीत गेल्या. मला रोमानियन तेव्हा येतही नव्हती. महिनाअखेरीस मी तो हॉस्टेलमागच्या जर्दाळूच्या झाडाला बांधला. इच्छा अर्थात परीक्षेचीच होती.

---

पिंपळपान | १ मार्च, रात्री १०.१५

निशिगंध, आणि परीक्षा?

---

निशिगंध_७ | १ मार्च, रात्री १०.१८

पास झाले :) आता नाशिकला प्रॅक्टिस करते.

---

माळरान | २ मार्च, सकाळी ८.००

धागा आवडला. या दोऱ्यामागे काही कथा आहे का? लोककथेशिवाय असा सण नसतो.

---

सोनसळी | २ मार्च, सकाळी ११.४०

आहे, आणि एक नाही, बऱ्याच आहेत. दोन सांगते.

पहिली छोटी. सूर्य एकदा तरुणाच्या रूपात खाली गावच्या जत्रेत नाचायला आला आणि एका राक्षसाने त्याला पकडून कोंडलं. जग अंधारलं, पाखरं गायची थांबली. एक धाडसी पोरगा दूरवर चालत गेला, राक्षसाशी लढला आणि सूर्याला सोडवलं. पण तो स्वतः जखमी झाला होता. त्याचं रक्त बर्फावर ठिबकलं, आणि बर्फ वितळला तिथे गिओचेलची फुलं उगवली. लाल आणि पांढरा ते त्या दिवसापासून.

दुसरी बाबा दोकियाची. आधी शब्द: रोमानियनमध्ये 'बाबा' म्हणजे म्हातारी. दोकिया ही खाष्ट सासू. मुलाने तिच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ती सुनेला छळायची. ऐन थंडीत तिने सुनेला काळी लोकर दिली आणि म्हणाली, नदीवर जा, ही पांढरी होईपर्यंत धू, त्याआधी घरी येऊ नकोस. पोरगी बर्फाच्या पाण्यात लोकर धूत बसली. बोटं फुटून रक्त आलं, लोकर काळीच. तेव्हा एक वाटसरू आला (काही ठिकाणी तो येशू असतो, काही ठिकाणी त्याचंच नाव मर्त्सिशोर), त्याने तिला एक लाल फूल दिलं आणि पाण्यात टाकायला सांगितलं. लोकर पांढरी झाली. केसात फूल खोवून सून घरी आली. दोकियाला वाटलं, फूल आलं म्हणजे वसंत आलाच! शेळ्या घेऊन ती डोंगरावर निघाली. अंगावर मेंढीच्या कातड्याचे नऊ कोट. ऊन लागलं तसा रोज एक उतरवत गेली. नवव्या दिवशी शेवटचा कोट उतरवला आणि रात्री थंडी उलटली. दोकिया शेळ्यांसकट गोठून दगड झाली. चाहलाउ डोंगरावर तिच्या नावाचा सुळका आहे.

जात्यावरच्या ओव्यांतल्या सासुरवाशिणी इतक्या लांब भेटतील असं वाटलं नव्हतं मला.

म्हणून १ ते ९ मार्च हे नऊ दिवस 'बाबेले', म्हणजे म्हाताऱ्यांचे. प्रत्येकाने आधीच आपला एक दिवस निवडायचा. त्या दिवशी हवा जशी असेल तसं आपलं वर्ष. माझा या वर्षी ६ तारखेचा आहे. आणि खरोखर, या नऊ दिवसांत इथली हवा अशीच असते: सकाळी बर्फ, दुपारी कोट काढावा इतकं ऊन, रात्री पुन्हा कडाका. पहिल्या उन्हावर विश्वास ठेवून कोट काढू नये, हे डोंगरात मेंढ्या राखणाऱ्या माणसाला कोण शिकवणार? ही गोष्ट शिकवते.

---

दर्यावर्दी | २ मार्च, रात्री ८.३०

बल्गेरियाची बाजू मी मांडतो. वार्ना बंदरात जहाजदुरुस्तीच्या कामावर दोन वसंत काढलेत. तिकडे याला 'मार्तेनित्सा' म्हणतात आणि मार्च महिना हीच एक म्हातारी: बाबा मार्ता. हसली की ऊन, रागावली की बर्फ. तिचा राग शांत राहावा म्हणून लाल-पांढरं घालायचं. दोऱ्याला दोन बाहुल्या असतात, पांढरा पिझो आणि लाल झग्यातली पेंदा. एक नियम पक्का: मार्तेनित्सा स्वतःसाठी घ्यायची नाही, दुसऱ्याने द्यायची. मनगटावर सात-आठ घातलेली माणसं पाहिलीत.

काढायची वेळ तीच, करकोचा, पाकोळी किंवा फुललेलं झाड. काही गावांत झाडाला न बांधता दगडाखाली ठेवतात आणि नंतर उचलून बघतात, कोणता किडा आलाय. मुंगी आली की वर्ष भरभराटीचं.

वार्नाला एप्रिलमध्ये सगळ्या बागा लाल-पांढऱ्या होतात. एकेका झाडावर शेकडो दोरे. वटपौर्णिमेनंतरचा वड आठवा, तसं.

ग्रीसमध्येही मुलांच्या मनगटावर असा दोरा बघितला, 'मार्तिस' म्हणतात. मार्चच्या उन्हाने गाल भाजू नयेत म्हणून.

---

चुलीपाशी | ३ मार्च, सकाळी ९.१५

खायला काय करतात ते कुणीच लिहिलं नाही!

---

सोनसळी | ३ मार्च, सकाळी १०.००

लिहिते, लिहिते. म्हाताऱ्यांचे नऊ दिवस संपतात त्या ९ मार्चला चाळीस संतांचा दिवस असतो. त्या दिवशी 'मुचेनिच' करतात. कणकेची वळकटी करून इंग्रजी आठच्या आकाराचा वेढा घालायचा. रोमानियात याचे दोन पंथ आहेत आणि दोघेही आपलाच खरा मानतात. ईशान्येकडे मोठे, पावासारखे भाजलेले, वरून मध आणि आक्रोडाचा कूट. दक्षिणेकडे बोटाच्या पेराएवढे छोटे, साखरेच्या पाण्यात उकडलेले, त्यात दालचिनी, लिंबाची साल आणि आक्रोड. वाटीत चमच्याने खायचे. आपल्या वरणफळांना गोड पाण्यात शिजवलं तर साधारण कल्पना येईल. पुरुषांनी त्या दिवशी वाइनचे चाळीस पेले प्यायचे असा रिवाज. आणि खेड्यांत पोरं सोट्यांनी जमीन बडवायची, आत दडलेली ऊब बाहेर यावी म्हणून.

मला दक्षिणेकडचे आवडतात. काकू दोन्ही करतात.

---

कृष्णाकाठ | ३ मार्च, रात्री ११.२०

एक शंका. सोनसळी, तुम्ही लिहिलंत की शहरात झाडाला बांधणं विसरलं जातंय. पण झाडाला दोरे बांधून ठेवणं झाडासाठी बरं आहे का? आमच्याकडे वडाला नायलॉनचा, पॉलिस्टरचा दोरा गुंडाळतात तो कुजत नाही, सालीत रुततो. मी सांगलीला झाडं जगवण्याचं काम करतो म्हणून विचारतो.

---

सोनसळी | ४ मार्च, सकाळी ९.३०

अगदी योग्य शंका. लोकरीचा किंवा सुताचा दोरा ऊन-पावसात विरून जातो. पण बाजारातला बराचसा आता कृत्रिम धाग्याचा, वर प्लास्टिकचं लटकन. तो वर्षानुवर्षं फांदीवर राहतो. म्हणूनच मी गेली चार वर्षं विकत घेत नाही, लोकर आणून वळते. बांधतानाही सैल, जाड फांदीला नाही तर कोवळ्या डहाळीच्या टोकाशी. मागच्या वर्षीचा माझा दोरा परवा बघितला. लाल उतरून फिका गुलाबी झालाय, पांढरा मळून राखाडी, आणि एक पदर पूर्ण सुटलाय. पक्ष्यांनी लोकर घरट्याला नेली असेल, असं काकू म्हणतात.

---

कृष्णाकाठ | ४ मार्च, सकाळी १०.०५

मग हरकत नाही. वडासाठीही हेच सांगतो लोकांना, सूतच वापरा आणि फांदी मोडू नका.

---

माळरान | ७ मार्च, सकाळी ७.५०

काल ६ तारीख होती. तुमची म्हातारी कशी निघाली?

---

सोनसळी | ७ मार्च, सकाळी ९.००

लक्षात ठेवलंत! सकाळी धुकं, अकराला लख्ख ऊन, चारच्या सुमाराला पाचच मिनिटं बर्फाची भुरभुर. काकूंचं म्हणणं, चांगलं वर्ष आहे, पण संध्याकाळी छत्री जवळ ठेव.

---

पिंपळपान | २९ मार्च, दुपारी १२.३०

धागा वर आणतेय. आमच्याकडे पुण्यात पांगारा फुलून उतरणीला लागला. तुमचं झाड फुललं का?

---

सोनसळी | २९ मार्च, दुपारी २.१५

अजून नाही गं. कळ्या टपोऱ्या झाल्यात, टोकाला पांढरं डोकावतंय. या आठवड्यात दोन रात्री पुन्हा गोठल्या. दोरा अजून कोटावर आहे. ऑफिसात आता एकटीच घालते. काल लिफ्टमध्ये एका तरुण मुलीने विचारलं, "अजून?" मी म्हटलं, झाड फुललं नाहीये. ती म्हणाली, तिची आजीही असंच म्हणायची.

---

सोनसळी | ४ एप्रिल, सायंकाळी ६.४०

फुललं.

काल रात्री पाऊस होऊन गेला आणि सकाळी पडदा सारला तर दक्षिणेकडची एक फांदी पांढरी. बाकीचं झाड अजून मिटलेलं. काकू गुडघ्यामुळे जिना उतरत नाहीत सध्या, म्हणून त्यांचा दोराही माझ्याकडे दिला. खाली उतरले तर झाडापाशी लिफ्टमधली ती मुलगी उभी होती, हातात १ मार्चचा पुठ्ठ्यावरचा मर्त्सिशोर, लटकन काढून टाकलेला. गाठ कशी मारायची विचारत होती. तिघींचे दोरे एकाच डहाळीला बांधले, सैल. वर खिडकीत काकू उभ्या होत्या, आणि उजवीकडे सरका, तिथे ऊन जास्त येतं, असं हाताने सांगत होत्या.